ही नाव बुडालेली नाही

हेल्का बाबागाडी सांभाळत किनाऱ्याचा उतार उतरली, तेव्हा सहावीची पोरं धक्क्यावर रांगेत उभी होती. तेराच्या तेरा. कुणाच्या गालाला डांबर, कुणाच्या गुडघ्याला चिखल, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव: विचार ना, लवकर विचार ना.

"डोळे मीट," ओस्सी म्हणाला.

"आणि बाबागाडी कोण धरणार? डोळे मिटले तर पिहला सरळ तळ्यात."

"मग एकच मीट."

हेल्कानं एक डोळा मिटला. रांग मधोमध फाकली आणि उघड्या डोळ्याला पोरांच्या मागची नाव दिसली.

चर्चची नाव. बारा मीटर लांब, चौदा वल्ह्यांची, म्हाताऱ्या ताउनोच्या वडिलांनी बांधलेली. ओंडक्यांवर पालथी पडली होती, मे महिन्याच्या उन्हाला पाठ देऊन. डांबर चकाकत होतं. थेंबभर ओल नव्हती कुठे.

"आम्ही वाचवली!" तेरा तोंडं एकदम उघडली. "काल! बुडाली होती! पार तळाशी! नुसती कडा वर होती!"

हेल्काचा दुसरा डोळा आपोआप उघडला. पण पोरं तिच्याकडे अशी बघत होती, की तिनं आधी तोंडावर हसू आणलं आणि बाबागाडीचा ब्रेक लावला.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

कोइवुनिएमी गावच्या चर्चची मंडळी आणि तिथली शाळा मिळून ही पाण्यावरची शाळा चालवत. चर्चची जागा, चर्चची नाव, चर्चचा सौना म्हणजे वाफेची न्हाणी, पोरं शाळेची, आणि दोघांच्या मध्ये हेल्का, मंडळीची तरुण सेविका. हिवाळ्यात ती पोरांना बर्फावर चालायला शिकवी, वसंतात वल्ही मारायला, ओल्या लाकडाची चूल पेटवायला, उलटलेली होडी सुलटी करायला. शाळा संपायच्या आधीच्या रविवारी सहावीचा वर्ग चर्चची नाव वल्हवत पलीकडच्या काठावरच्या जुन्या चर्चला उपासनेला जाई. सहा किलोमीटर. पूर्वी सगळं गाव तसंच जायचं.

तो रविवार परवा होता. आणि या वर्षी त्या रविवाराला भलतंच वजन आलं होतं. जिल्ह्याच्या संग्रहालयानं नाव मागितली होती. मंडळीचा कारभारी राइमो याला ते पटलं होतं. एवढी जुनी नाव, एवढी लहान पोरं. उद्या काही झालं तर? शेवटी चर्चच्या पाळकबाईंनी मधला मार्ग काढला होता: या रविवारी नाव पोरांना घेऊन चर्चला गेली आणि परत आली, तर ती गावची. काठावर बसून राहिली, तर सोमवारी संग्रहालयाचा ट्रक येईल.

"तर," ओस्सीनं घसा साफ केला, "आम्ही वल्ही पुसायला आलो होतो. लेम्पीला दिसलं. ती ओरडली."

लेम्पी रांगेच्या टोकाला होती. बारकीशी, वेणी कायम सुटलेली. वर्गात तिचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. "मी ओरडले," तिनं कबूल केलं, आणि लाजून हसली.

"मग तू शिकवलंस तसंच केलं. आधी पाण्यातली माणसं मोजली."

"किती भरली?"

"शून्य. दोनदा मोजली. मग लाइफ जॅकेटं चढवली, सगळ्यांनी. मग नाव. मग सामान."

"सामान काय होतं?"

"दगड!" ओस्सीचा आवाज खाली आला. "हेल्का, कुणीतरी मुद्दाम बुडवली होती. आत दगड भरले होते. अठ्ठावीस. आम्ही पुरावा ठेवलाय."

धक्क्याच्या कडेला अठ्ठावीस दगड ओळीनं मांडले होते. प्रत्येकावर खडूनं नंबर.

ते दगड हेल्काला एकेक ओळखीचे होते. गेल्या रविवारी तिनंच नवऱ्याला, अन्सीला, हाताशी घेऊन ते नावेत भरले होते. लाकडाची नाव हिवाळाभर कोठारात वाळते, फळ्या आकसतात, सांध्यांना फटी पडतात. म्हणून बर्फ गेलं की तिला आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना घट्ट धरतात. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे ठाऊक. पण दरवर्षी हे काम पोरं किनाऱ्यावर यायच्या आधी उरकलेलं असे. या वर्षी बर्फ उशिरा गेलं. पोरांना सांगायचं हेल्कानं नक्की ठरवलं होतं. सोमवारी सकाळी सांगणारही होती. तेवढ्यात पिहलाचा कान दुखायला लागला, आणि मग चार दिवस घर, दवाखाना आणि छातीशी चिकटलेलं आठ महिन्यांचं तापलेलं बाळ, एवढंच जग उरलं. शाळेच्या बाईंनी परस्पर सराव घेतला, तोही लहान होड्यांवर.

पोरांना तिनं सगळं शिकवलं होतं, एवढं एक सोडून.

"आणि मग पालथी घातली," ओस्सी सांगतच होता, "वाळायला. माझ्या आईचे सौनाचे टॉवेल आणले. आतून पण पुसली, फटीफटीतून. आजी म्हणाली एवढं अंग तू स्वतःचं पुसत नाहीस."

हेल्का नावेपाशी गेली आणि तिनं वाकून खालून वर बघितलं. फळ्यांच्या मधून आकाशाच्या निळ्या रेघा दिसत होत्या. चार दिवस पाण्यात, आणि कालपासून या उन्हात, जे रात्री अकराला कुठे थोडं मावळतं. प्यायलेलं सगळं निघून गेलं होतं.

बाबागाडीत पिहला कुरकुरली. लेम्पीनं न सांगता गाडी हलवायला घेतली.

हेल्का धक्क्यावर बसली, पाय पाण्यावर सोडून. "या, बसा इकडे. एक गोष्ट मी तुम्हाला सांगायची विसरले. चूक माझी आहे, आधीच सांगते."

मग तिनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, रविवारसकट, ट्रकसकट. पोरांची तोंडं एकेक करून उतरत गेली. ओस्सीनं दगड नंबर चौदाकडे असं पाहिलं, जणू त्यानंच दगा दिला होता.

"म्हणजे ती बुडत नव्हती," लेम्पी हळूच म्हणाली.

"पाणी पीत होती."

"आणि मी ओरडले." लेम्पीचा हात गाडीवर थांबला. डोळे भरून आले, पण तिनं नाक ओढलं आणि निर्धारानं म्हणाली, "पुढच्या वेळी मी आधी तुला विचारीन."

"चूक," हेल्का म्हणाली.

सगळ्यांनी माना वर केल्या.

"साफ चूक. पुढच्या वेळी बुडालेली नाव दिसली तर आधी ओरडायचं. आधी माणसं मोजायची, नाव ओढायची. मला नंतर विचारायचं. नाव मी शंभरदा भिजवीन, लेम्पी. त्यात माणूस असता, आणि तू मला विचारत बसली असतीस, तर?" तिनं अडकवलेली जॅकेटं दाखवली. तेराही खुंटीवर, मापाच्या क्रमानं, बंद खाली. "चार दिवस मी इथे नव्हते, आणि तुम्ही एकही पायरी गाळली नाही. हे मला जन्मात कुणी इतकं चांगलं करून दाखवलं नव्हतं. आता रडायचं असेल तर पाच मिनिटं रडा. मग कामाला लागू. परवा ही नाव चर्चला जाणार आहे."

"जाईल?" ओस्सीनं विचारलं.

"जाईल."

ताउनोला अन्सीनं मोटारीतून आणलं. महिन्यापूर्वी त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पत्त्यांचा जुना जोड. त्यानं खिशातून चष्मा काढला, जोडातून बदामचा राजा काढला आणि फळ्यांमधल्या फटीत सरकवला. राजा आरपार गेला आणि पलीकडे गवतात पडला.

"हं," ताउनो म्हणाला. "तहानलीय."

"परवा सकाळपर्यंत?" हेल्कानं विचारलं.

"तळं अजून गार आहे. गार पाणी ती सावकाश पिते, बायकोच्या माहेरी कॉफी प्यावी तशी. कोमट दिलंस तर घटाघटा घेईल." त्यानं सौनाच्या धुराड्याकडे काठी रोखली. "पण ओतलेलं पाणी फटींतून निघून जाणार. धरून कोण ठेवणार?"

मग बाबागाडीच्या मागून आवाज आला.

"सतरंज्या," लेम्पी म्हणाली. सगळे वळल्यावर ती लाल झाली, पण थांबली नाही. "चिंध्यांच्या. आजी उद्या इथेच धुणार आहे धक्क्यावर, सगळ्याच धुणार आहेत. ओली सतरंजी तीन दिवस वाळत नाही, ती दरवर्षी वैतागते. नावेत आतून अंथरल्या आणि वरून कोमट पाणी ओतत राहिलं तर..."

ताउनोनं चष्मा कपाळावर चढवला. "ही कुणाची?"

"हिल्माची नात."

"वाटलंच. हिल्मा पण अशीच, आधी गप्प, मग एकदम कामाचं." त्यानं काठी आपटली. "बघता काय? सुलटी करा तिला!"

कारभारी राइमो सायकलवरून आला, तेव्हा पोरं घराघरांतून सतरंज्या ओढत आणत होती. निळ्या, तांबड्या, कुणाच्या जुन्या चादरींच्या, कुणाच्या बापाच्या सदऱ्यांच्या. उंच, वाकलेला, पॅंटला सायकलची क्लिप लावलेला हा माणूस दुष्ट अजिबात नव्हता. त्याला फक्त सगळ्या गोष्टी कुलपात असल्या की बरं वाटे.

त्यानं नाव पाहिली, दगड पाहिले, हेल्काचं सगळं ऐकून घेतलं.

"हे बघ हेल्का, पोरांचं मला कौतुक आहे. पण मी गळक्या नावेत तेरा पोरं जाऊ देणार नाही."

"मीही नाही देणार."

राइमोला हे उत्तर अपेक्षित नसावं. तो क्लिप चाचपत राहिला.

"मग आकडा सांग," हेल्का म्हणाली. "तासभर नाव पाण्यावर ठेवू. आत किती पाणी आलं तर तुला चालेल?"

"दोन बादल्या," राइमो विचार करून म्हणाला. "एवढ्या मोठ्या नावेला दोन म्हणजे काही नाही. तिसरी भरली तर पोरं मोटारीनं जातील, आणि सोमवारी ट्रक येईल."

"ठरलं."

"उद्या संध्याकाळी सहाला."

"ये. कॉफी असेल."

शनिवारी सकाळपासून सौनाचं धुराडं थांबलं नाही. बायका आपापल्या सतरंज्या धुवायला आल्या आणि पाहतात तो धुवायला सतरंज्याच नाहीत, सगळ्या नावेत. हिल्मा आजीनं डोकावून स्वतःची ओळखली. "ती पिवळी स्वयंपाकघरातली माझी. तिला डांबर लागलं तर मी चर्चच्या दारात अंथरीन, पाळकबाईंना सांगून ठेवा." मग बाह्या वर करून ती बादल्यांच्या रांगेत उभी राहिली.

सौनापासून नावेपर्यंत रांग लागली. भरलेली बादली इकडे, रिकामी तिकडे. ताउनो तिपाईवर बसून प्रत्येक बादलीत बोट बुडवी. "उकळतं नको! आंघोळीचं. तुझ्या बाळाला घालशील तेवढं, हेल्का." पिहला झाडाखाली बाबागाडीत झोपली होती, नाकापर्यंत पांघरूण, कान टोपीत; ताप उतरला होता. तिला पाजायला हेल्का दोनदा रांगेतून निघाली. एका हातानं बाळ धरून दुसऱ्या हातानं वेलदोड्याचा गोड पाव खाताना ती नावेकडे बघत राहिली. रंगीबेरंगी सतरंज्यांतून वाफ निघत होती. एवढं पाजलं की ही पण शांत होईल, तिला वाटलं, आणि तिचं तिलाच हसू आलं.

दुपारी बदामचा राजा फटीत अर्ध्यावर अडकला. पोरांनी एवढा आरडाओरडा केला, की पिहला जागी झाली.

सहाला राइमो आला. सतरंज्या काढून, उपसून नाव तासभर पाण्यावर ठेवली होती. त्यानं स्वतः बादली घेतली. एक. दोन. पोरं ओठ हलवत मोजत होती. तीन. चार. पाच.

"पाच," राइमो म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, ते स्पष्ट दिसत होतं.

ओस्सीनं बूट वाळूत घासला. लेम्पीनं हेल्काकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

हेल्कानं नावेत उतरून फळ्यांवरून तळवा फिरवला. कालच्या फटी आता नुसत्या रेघा होत्या. हे लाकूड तिच्या ओळखीचं होतं. ते अजून घेत होतं. तोंड फिरवलं नव्हतं त्यानं.

"काल रात्री ही चाळणी होती, राइमो. आज पाच. ती थांबलेली नाही, अजून पितेय. उपासना दहाला. वाटेत दीड तास, म्हणजे आठला निघायचं. आता आम्ही तिला परत बुडवतो. पहाटे उपसतो, तासभर पाण्यावर ठेवतो, आणि सातला तू पुन्हा मोज. आकडा तोच."

"तोच," राइमो म्हणाला. "दोन. अडीच नाही."

"अडीच भरली तर मीच पोरांना मोटारीत बसवीन. तुला बोलावंही लागणार नाही."

राइमोनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सायकलवर टांग मारली.

दगड परत नावेत गेले, नंबरानुसार. ओस्सीनं तेवढा हट्ट सोडला नाही. कडा पाण्याखाली गेली, तेव्हा लेम्पी सौनामागून एक फळकूट घेऊन आली. त्यावर डांबरानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

ही नाव बुडालेली नाही. पाणी पितेय. कृपया वाचवू नका.

खाली बारीक अक्षरांत: आत माणूस दिसला तर मात्र वाचवा.

ताउनो ते वाचून इतका हसला, की खुबा धरून त्याला खाली बसावं लागलं.

रविवारी सकाळी तळं काचेसारखं होतं. सहाला नाव उपसून मोकळी केली होती. आता सात वाजत होते. पोरं चर्चचे कपडे घालून, वर जॅकेटं चढवून धक्क्यावर उभी. राइमो काळ्या कोटात होता. त्यानं कोट काढून खुंटीला लावला, बाह्या दुमडल्या आणि तो नावेत उतरला.

एक बादली भरली. त्यानं ती तळ्यात रिकामी केली.

दुसरी भरायला तो वाकला. मग आणखी वाकला. मग तांब्यानं फळ्यांच्या खाचांतून पाणी गोळा करू लागला. बराच वेळ नुसता तांब्या खरवडल्याचा आवाज.

"दीड," तो शेवटी म्हणाला, आणि पाठ सरळ करत, मोजमाप चुकू नये म्हणून, "दीडही नाही. सव्वा."

पोरांच्या ओरडण्यानं पलीकडच्या लव्हाळ्यांतून बदकं उडाली.

वल्ही लागली. हेल्का मागे सुकाणूवर बसली. अन्सी बाळाला घेऊन रस्त्यानं येणार होता. पिहलाच्या कानाला वारा नको. म्हणून उजवीकडचं शेवटचं वल्हं रिकामं होतं. तेरा पोरं, चौदा वल्ही. चौदावं अन्सी धरणार होता.

"एका बाजूला सहा, एका बाजूला सात," ओस्सी म्हणाला. "गोल गोल फिरू. चर्चला पोचू, पण नाताळात."

हेल्का राइमोकडे बघत म्हणाली, "देखरेखीला कुणी मोठं माणूस असलेलं बरं. नियमानं."

"मी आयुष्यात वल्हं धरलेलं नाही," राइमो म्हणाला.

"मी शिकवीन," लेम्पी म्हणाली. तिची जागा त्याच्या पुढेच होती. "माझ्या पाठीकडे बघायचं. मी वाकले की वाकायचं. आणि आधी जॅकेट."

राइमोनं जॅकेट चढवलं. बंद उलटे बांधले. लेम्पीनं न हसता सोडवून नीट बांधले.

पहिला किलोमीटर त्याचं वल्हं कधी आकाशात, कधी लेम्पीच्या पाठीत. "माझ्या पाठीत नको, पाण्यात," ती शांतपणे सांगत राहिली. तिचा आवाज आता अख्ख्या नावेला ऐकू येत होता. मग मधल्या बेटाच्या पुढे, कुणाच्या ध्यानात यायच्या आत, चौदाही वल्ही एकदम उतरू लागली, एकदम उठू लागली. नाव सरळ धावू लागली. पायाखाली थोडं पाणी खुळखुळत होतं. दर वीस मिनिटांनी हेल्का एका जोडीला सांगे, आणि ती दोघं वल्ही आत घेऊन उपसत. एवढं तिनं आधीच ठरवून घेतलं होतं, राइमोसमोर. पलीकडून घंटा ऐकू आली, तेव्हा पावणेदहाही झाले नव्हते. चर्चच्या पायऱ्यांवर पाळकबाई पांढऱ्या झग्यात उभ्या, शेजारी अन्सी, आणि त्याच्या खांद्यावरून टोपीतलं एक गोल तोंड नावेकडे बघत होतं. हेल्कानं सुकाणूवरचा हात सोडला नाही. नुसती मान हलवली. तोंडानं "आले, आले" म्हणाली, एवढ्या लांबून ऐकू जाणार नाही हे ठाऊक असून.

परतीच्या वाटेवर समोरून वारा होता. दोन तास लागले. काठावर नाव बांधून झाली, तेव्हा राइमोनं तळहात उघडून पाहिले. चार फोड. हिल्मा आजीनं त्याला पाव दिला, त्यानं तो बोटांच्या टोकांनी धरून खाल्ला. मग तो धक्क्याच्या टोकाला जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला. वारा त्याचे शब्द इकडेच आणत होता.

"नाही. उद्या पाठवू नका. नाही, पुढच्या आठवड्यातही नको. नाव वापरात आहे."

पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. हेल्का पायरीवर बसून पिहलाला पाजत होती. दोघींचेही डोळे मिटायला आले होते.

राइमो फोन खिशात ठेवून आला. लेम्पीची पाटी धक्क्याला टेकून उभी होती. ती त्यानं उचलली, वाचली, खालची बारीक अक्षरंही वाचली.

"हे डांबर एका हिवाळ्यात पुसट होईल," तो म्हणाला. "मी नीट रंगवून घेतो." आणि कोट खांद्यावर टाकत, जाता जाता, सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "पुढच्या वर्षी कधी बुडवायची आपण हिला?"

"बर्फ गेलं की," हेल्का म्हणाली. "दगड तू आण."

"अठ्ठावीस," ओस्सीनं बजावलं. "नंबरानं."